हक्काचा पैसा – भाग ६ : ‘पुढच्या सोमवारी या’

पगारपत्रक कसं वाचायचं, हे मागच्या भागात पाहिलं. त्यावर वाचकांनी लिहिलं ते मात्र वेगळंच : नोकरी सुटली, शेवटच्या दोन महिन्यांचा पगार अडकवून ठेवलाय, फोन केला की ‘बघतो’ म्हणतात, आता काय करायचं?

भोसरीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे साफसफाईचं काम करणाऱ्या एक ताई हाच प्रश्न घेऊन आमच्या कामगार संघटनेच्या कार्यालयात आल्या होत्या. हजेरीपत्रक ठेकेदाराकडे. पगाराची पावती चार वर्षांत कधी हातात पडलेली नाही. त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली, तर आत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयची पानं. प्रत्येक चौकोनात वर दुधाचा हिशेब आणि खाली पाळीचं पहिलं अक्षर, फर्स्टचा ‘फ’, नाइटचा ‘ना’. दोन ठिकाणी फुली होती. विचारलं तर म्हणाल्या, “त्या दिवशी पोरीला ताप होता दादा, खाडा झाला.” त्या दोन फुल्यांनी त्या पानांना जे वजन दिलं, ते कुठल्या छापील कागदालाही आलं नसतं. स्वतःचा खाडा लिहून ठेवणारी बाई हजेरी कशाला वाढवून सांगेल?

थकलेली रक्कम होती तेवीस हजारांच्या आसपास. सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप निरोप पाच महिन्यांचे, आणि सगळे एकाच सुरात : ‘ताई, पुढच्या सोमवारी या.’

हा सोमवारच माणसाला बुडवतो. मालक नाही म्हणत नाही, म्हणून आपण तक्रार करत नाही. तो हो म्हणतो आणि देत नाही. दरम्यान मुदत संपत जाते, सोबतचे कामगार गावाला निघून जातात, साइट बंद होते.

कायद्याने हा वायदा चालतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्या कलम १७ प्रमाणे कामावरून काढलं, कपातीत घालवलं, तुम्ही स्वतः राजीनामा दिला किंवा कारखानाच बंद पडला, यांतलं काहीही झालं तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळालं पाहिजे. ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ हे वाक्य एचआरच्या तोंडी इतकं बसलंय, की लोकांना तोच नियम वाटतो. कंपनीची पद्धत कायद्याच्या वर जात नाही.

दुसरा बदल मला फार मोलाचा वाटतो. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्याला पगाराची मर्यादा होती, शेवटी ती महिना २४,००० रुपये होती. त्यापुढचा पगार असलेल्या सुपरवायझरला किंवा अकाउंटंटला त्या कायद्याचं दार बंद होतं. आता ती मर्यादा नाही. दावा करायची मुदतही एक वर्षाची तीन वर्षं झाली. मात्र पगार संहिता लागू होण्याआधीचा असेल, तर जुनी एक वर्षाची मुदत धरूनच पावलं उचला. उशीर झालाच असेल, तर आजारपण किंवा बाळंतपण असं जे खरं कारण असेल ते अर्जात लिहा.

पहिलं काम, लेखी मागणी. एका पानात मावेल एवढीच : कामाला कधी लागलो, कधी सोडलं, कोणत्या महिन्यांचा किती पगार बाकी, किती दिवसांत द्यावा. शिव्या नकोत, धमकी नको. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, त्याच कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवरही टाका. कपात केली असेल, तर ती कशाबद्दल केली हे लेखी मागा. कपाती कोणत्या कारणांसाठी करता येतात त्याची यादी कायद्यातच आहे आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापुढे जाऊ शकत नाहीत.

पुरावा म्हणून बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक, गेटपास, गणवेशातला फोटो, पाळीचे निरोप, जे असेल ते गोळा करा. कामाला होतो, एवढं तुम्ही दाखवायचं. पगार दिला, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, असं संहितेत स्पष्ट लिहिलं आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताईंना ठेकेदाराने मध्येच एकदा बोलावलं होतं. चार हजार रोख टेबलावर, आणि शेजारी रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेला कागद : ‘माझा सर्व हिशेब पूर्ण मिळाला, काही तक्रार नाही.’ घरात सिलिंडर संपलेला. त्यांनी पेन हातात घेतलंही होतं. मुलीने फोनवर “आई, सही करू नको” म्हटलं म्हणून त्या उठल्या. थोडे पैसे मिळत असतील तर जरूर घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हाताने रक्कम लिहा, आणि ‘उरलेली बाकी मागण्याचा हक्क राखून’ हे शब्द लिहूनच सही करा. असं लिहू देत नसतील तर सही नको. कोऱ्या व्हाउचरवर तर कधीच नको.

मागणीला उत्तर आलं नाही, की जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जायचं. दावा कामगाराला स्वतः करता येतो, संघटनेमार्फतही करता येतो. दाव्याचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं संहिता म्हणते, आणि मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. दहा पट ही कमाल आहे, हमी नाही. त्या आशेवर समोर आलेली पूर्ण मुद्दल नाकारू नका.

ठेकेदाराकडे असाल तर अर्जात दोन गैरअर्जदार लिहा, ठेकेदार आणि ज्या कंपनीत काम केलं ती कंपनी. ठेकेदाराने पगार बुडवला, तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ठेकेदाराचं ऑफिस एका रात्रीत रिकामं होतं, कारखाना कुठे जाणार?

आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. हा टप्पा रेंगाळतो, कारण मालकाची मालमत्ता कुठे आहे हे फायलीत नसतं. म्हणून त्याचे पत्ते, ज्या खात्यातून पगार यायचा त्या खात्याचा तपशील, गाळ्याचा नंबर, हे सगळं आधीच टिपून ठेवा.

ताईंच्या प्रकरणात एवढं करावं लागलं नाही. कंपनीला नोटीस गेली आणि दुसऱ्याच तारखेला ठेकेदाराचा माणूस धनादेश घेऊन हजर झाला. ताईंनी आकडा दोनदा वाचला, मग कॅलेंडरची पानं मागून घेतली. मागच्या बाजूला सत्यनारायणाच्या सामानाची यादी लिहिलेली होती, ती त्यांना हवी होती.

(पुढच्या आठवड्यात : पाच वर्षं भरली, तरी ग्रॅच्युइटी का अडते?)