मालती, जाई आणि सुमन : एका फुलाची तीन नावे

फुलांवरून मुलींची नावे ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु एकाच फुलाशी संबंध असलेली तीन विशेषनामे प्रचारात यावीत, हे क्वचितच घडते. ‘अमरकोशा’त सुमना, मालती आणि जाति हे शब्द एकाच वेलीचे पर्याय म्हणून दिले आहेत. ती वेल म्हणजे आपली जाई होय.

यांपैकी ‘जाति’ हा शब्द प्राकृताच्या द्वारे मराठीत उतरला. दोन स्वरांमधील तकाराचा लोप होऊन ‘जाई’ हे रूप सिद्ध झाले. ‘जातीफला’चे ‘जायफळ’ झाले तेही याच रीतीने. ‘मालती’चे ‘मालई’ असे प्राकृत रूप ‘गाथासप्तशती’त आढळते, पण ते मराठीत टिकले नाही. मराठीतील ‘मालती’ हा संस्कृतातून पुन्हा उचललेला शब्द आहे. ‘सुमन’ हा शब्द फूल या सामान्य अर्थी रूढ झाल्यामुळे त्यातील जाईची आठवण लोपली.

भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाची नायिका मालती. नायक माधव हा विदर्भराजाच्या अमात्याचा पुत्र. रा. गो. भांडारकर यांनी १८७६ साली हे नाटक संपादून प्रसिद्ध केले. संस्कृत वाङ्मयाचे अध्ययन महाविद्यालयांतून वाढत गेले, तशी सुशिक्षित कुटुंबांत तत्सम नावांची आवडही वाढली. मालतीबाई दांडेकर, मालती जोशी या लेखिका आणि १९३७ साली जन्मलेल्या गायिका सुमन कल्याणपूर ही त्या काळच्या अभिरुचीची परिचित उदाहरणे होत.

तथापि या लोकप्रियतेचे माप घेताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या लेखिका मूळच्या बाळूताई खरे. १९३८ साली विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची रूढी लक्षात घेतली, तर एखाद्या पिढीतील ‘मालतीं’ची गणना म्हणजे त्या नावाने बारसे झालेल्या मुलींची गणना नव्हे, हे उघड होते. जन्मनाव निराळे नोंदविले नाही, तर आईबापांची निवड दिसेनाशी होते आणि त्या स्त्रीचे पहिले नावही हरवते.

आज ‘मालती’ हे नाव आजीच्या पिढीचे वाटते, आणि ‘जाई’ हे घरगुती रूप मुलींना हौसेने ठेवले जाते. संस्कृत रूपाने झाकलेले प्राकृत रूप असे पुन्हा फुलले आहे.