स्वमग्न मूल आणि घरची शाळा

रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान भिलाई-3 नावाची वस्ती आहे. पोलादाच्या कारखान्यामुळे भिलाईचे नाव 1959 पासून देशभर झाले. परंतु ही वस्ती कारखान्याच्या आखीव नगरीबाहेरची. अशा वस्तीतील एखाद्या घरी दोन वर्षांचे मूल हाक मारली असता वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, तासन् तास खेळण्याचे एकच चाक फिरवीत बसते, असे दिसले, तर घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, 'मुलगे उशिराच बोलतात. याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?' या दिलाशात माया असते. पण त्यात मोलाचा काळही निघून जातो.

या अवस्थेस मराठीत स्वमग्नता म्हणतात. 1943 साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. पुढे काही वर्षे आईच्या मायेतील थंडपणास दोष देण्याची रीत वैद्यकात बोकाळली. ती सर्वस्वी चुकीची ठरली आहे. परंतु तिने किती मातांना विनाकारण अपराधी ठरविले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा होय. तो समूळ घालविणारे औषध नाही, आणि तसे औषध विकणाऱ्यापासून पालकांनी दूर राहावे. लहानपणीच योग्य साहाय्य मिळाल्यास मात्र मुलास इतरांशी संवाद साधणे पुष्कळ सुकर होते.

हे साहाय्य केवळ तज्ज्ञाच्या खोलीतच मिळते असे नव्हे. मूल आठवड्यातून एक तास तज्ज्ञापाशी असते. उरलेला सारा वेळ आईबापांपाशी, आजीपाशी. म्हणून मार्गदर्शकाने घरी जावे आणि शिकवावे ते पालकांना. मूल वाटीवर चमचा आपटीत असेल, तर वाटी हिसकावून चित्रांचे पुस्तक पुढे करावयाचे नाही; आपणही चमचा आपटावा, 'टण्' एवढेच म्हणावे आणि थांबावे. हे थांबणेच सर्वांत कठीण. मुलाने क्षणभर वर पाहिले, तरी तो संभाषणाचा आरंभ असतो. अशा वेळी घरची भाषा सोडून एकच 'सोपी' भाषा बोलण्याचा सल्ला कित्येकदा दिला जातो. त्यास आधार नाही. मराठी घराने भिलाईत राहूनही मुलाशी मराठीत अवश्य बोलावे.

इंग्लंडमध्ये तयार झालेल्या अशाच एका पद्धतीची परीक्षा गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झाली. तिचा वृत्तांत 2015 साली प्रसिद्ध झाला. 2 ते 9 वर्षांची 65 मुले तीत होती, आणि मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. त्यांना त्या कामापुरते शिकविलेले होते. पालकांचे बोलणे मुलाच्या कलाने होऊ लागले, मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा काळ मात्र घटला, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. हा खर्च एका परदेशी संस्थेने उचलला होता. खरा प्रश्न असा, की सरकारी तिजोरीतून हे काम घरोघर पोचेल काय?

त्याची सामग्री अगदीच नाही असे नाही. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 साली पालघर येथे सुरू झाला; त्यानुसार फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि गरज दिसल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे धाडतात. 2016 च्या कायद्याने स्वमग्नतेस दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. छत्तीसगडात तर 2002 पासून मितानिन आहे. मितानिन म्हणजे मैत्रीण. देशात आशा कार्यकर्त्या नेमल्या जाण्यापूर्वीच ही बाई वस्तीतल्या घराघरांत जाऊ लागली होती. चुलीपाशी बसून दोन गोष्टी सांगण्याचा तिचा अधिकार कोणत्याही फिरत्या पथकास मिळणार नाही.

पण 2018 च्या केंद्रीय योजनेने अशा कार्यकर्तीस बालकाच्या घरी ज्या भेटी नेमून दिल्या, त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांच्या. स्वमग्नतेची लक्षणे बहुधा त्यानंतर स्पष्ट होऊ लागतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात चाचणी घ्यावी असे सुचविते. म्हणजे पाहावयास जाण्याची वेळ येते, नेमकी त्या सुमारास ठरलेल्या भेटी संपलेल्या असतात. मूल तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत बसू लागेपर्यंतचा काळ मुख्यतः पथकाच्या फेरीवर आणि आजीच्या दिलाशावर जातो. आणखी दोन भेटी वाढविणे कागदावर अवघड नाही. परंतु मूळ योजनेत दर भेटीचा मोबदला 50 रुपये ठरला होता. त्या दराने आठवड्यांमागून आठवडे आईजवळ बसून हे थांबणे शिकविण्याची अपेक्षा करता येणार नाही. शिवाय जी आई रोजंदारीवर जाते, तिने भेटीसाठी घरी राहावयाचे, तर त्या दिवसाची मजुरी कोणी द्यावयाची, हेही त्याच अंदाजपत्रकात लिहावे लागेल.