गाणंही आमचं, व्हिडिओही आमचाच!

मित्रांनो, टीव्हीवर किंवा यूट्यूबवर एखादं गाणं बघताना त्यातली दृश्यं कोणाच्या डोक्यातून आली असतील, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? "गाणाऱ्याच्या!" असं पटकन म्हणाल. पण पुष्कळदा तसं नसतं, बरं का! कंपनी दिग्दर्शक नेमते, तो गोष्ट ठरवतो, नृत्यदिग्दर्शक पावलं शिकवतो. गायकाने ठरल्या दिवशी यायचं, दिलेले कपडे घालायचे आणि ओठ हलवायचे!

आज ओळख करून घेऊ या अमेरिकेतल्या चार पठ्ठ्यांची. डेमियन कुलॅश, टिम नॉर्डविंड, डॅन कोनोप्का आणि अँडी रॉस. त्यांच्या बँडचं नाव 'ओके गो'. डेमियन आणि टिम अकरा वर्षांचे असताना एका उन्हाळी शिबिरात भेटले. तिथले चित्रकलेचे सर म्हणायचे, "ओके... गो!" म्हणजे, करा सुरुवात! पुढे १९९८ मध्ये शिकागोत बँड निघाला, तेव्हा तेच शब्द नावाला कामी आले.

फिरत्या पट्ट्यांवरचा नाच

ट्रेडमिल तुम्ही पाहिलंच असेल. पट्टा फिरतो आणि माणूस जागच्या जागी चालतो. २००६ मध्ये या चौघांनी अशी आठ ट्रेडमिल्स मांडली, शेजारशेजारचे पट्टे उलटसुलट दिशांना फिरणारे! जागा कोणती? डेमियनच्या बहिणीचं, ट्रिश सी हिचं घर. ट्रिश स्वतः नृत्य बसवणारी. तिने पावलं बसवली आणि चौघांनी घोटली.

कॅमेरा एकाच जागी, मध्ये कुठेही कापाकापी नाही. म्हणजे शेवटच्या क्षणी एकाचा जरी पाय घसरला, तरी पुन्हा पहिल्यापासून! १७ वेळा प्रयत्न करावे लागले. हा व्हिडिओ त्यांनी यूट्यूबवर टाकला आणि जगभर गाजला. २००७ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पण मालक कोण?

आता गंमत ऐका. हे सगळं त्यांनी आपल्या रेकॉर्ड कंपनीला, म्हणजे ईएमआयला, न विचारता केलं होतं! कराराप्रमाणे परवानगी घ्यायला हवी होती. गाणं रेकॉर्ड करायला पैसा कंपनीने घातला होता, त्यामुळे तिचंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

पुढे कंपनीने एक सोय बंद केली. लोक हे व्हिडिओ आपापल्या वेबसाइटवर लावत होते, ते आता लावता येईनात. कारण तसे पाहिले गेले, तर कंपनीला पैसे मिळत नव्हते. परिणाम? डेमियनने २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून आकडे दिले. ट्रेडमिलचा व्हिडिओ रोज सुमारे १०,००० वेळा पाहिला जायचा, तो आकडा जेमतेम हजारावर आला! त्याचं म्हणणं असं, की व्हिडिओ ही आमच्यासाठी जाहिरात नाही, गाण्यासारखीच ती आमची कला आहे.

अखेर त्याच वर्षी मार्चमध्ये बँड कंपनीतून बाहेर पडला आणि त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली. डोक्यावरचं मोठं छप्पर सोडायला धीर लागतो, नाही का?

सोपं काम, मोठा खटाटोप

त्याच सुमाराला त्यांचा दुसरा एक व्हिडिओ आला. लॉस एंजेलिसच्या एका दुमजली गोदामात त्यांनी अजब यंत्र उभारलं. ठोकळे पडतात, गोळ्या घरंगळतात, पियानो कोसळतो, टीव्ही फुटतो आणि शेवटी चौघांच्या अंगावर रंगांचा फवारा! पैसा एका विमा कंपनीकडून घेतला आणि यंत्र बांधायला अभियंते मित्र आले. पण अट बँडची होती. यंत्र गाण्याच्या तालावर चाललं पाहिजे.

यात एक युक्ती होती. लहान वस्तू फार लहरी! थोडी धूळ बसली, लाकूड किंचित फुगलं, की गोळी हुकलीच. मोठ्या वस्तू त्या मानाने भरवशाच्या. म्हणून लहान वस्तू सुरुवातीला ठेवल्या. बिघडलं तर लवकर बिघडावं आणि पुन्हा मांडणं सोपं जावं! तरी दोन दिवसांत ६० हून अधिक वेळा यंत्र सुरू करावं लागलं. शेवटपर्यंत ते पोचलं फक्त तीन वेळा!

हवेत तरंगताना

२०१६ मध्ये तर त्यांनी रशियात चक्क विमानात व्हिडिओ केला. विमान फेकलेल्या चेंडूसारखी कमान घेतं, तेव्हा आतली माणसं सुमारे २७ सेकंद तरंगतात. एवढ्यात गाणं कसं मावणार? मग अशा आठ कमानींमध्ये ते बसवलं आणि मधला वेळ कापून टाकला. दिग्दर्शन कोणाचं? पुन्हा बहीण-भावाचंच!

त्याच वर्षीच्या आणखी एका व्हिडिओतला बराचसा भाग प्रत्यक्षात अवघ्या ४.२ सेकंदांत घडला आणि तो अतिशय संथ करून दाखवला. कुठला फुगा कधी फुटायचा, याचं गणित आधी मांडलेलं होतं. गणिताचा कंटाळा करणाऱ्यांनो, ऐकताय ना?

करून पाहा

आता तुमची पाळी! यंदाच्या स्नेहसंमेलनात सिनेमातल्या नाचाची नक्कल करण्याआधी जरा थांबा. एक गाणं किंवा कविता तुम्हीच रचा. घरातल्या वाट्या, पुस्तकं, छत्र्या अशा साध्या वस्तू घ्या. मोबाइल एका जागी टेकवा आणि न कापता चित्रण करा. (ट्रेडमिलच्या वाटेला मात्र जायचं नाही हं! त्या चौघांनी खूप सराव केला होता.) आईबाबांनो, घरात थोडा पसारा होईल, तेवढा चालवून घ्या.

आणि प्रत्येक वेळी चुकलात, की वहीत एक रेघ ओढा. १७ रेघा होईपर्यंत "जमत नाही" म्हणायचं नाही. ठरलं? ओके... गो!