टॉम विल्स : क्रिकेटपटूने घडवलेला फुटबॉल

न्यू साउथ वेल्समध्ये १८३५ साली जन्मलेला टॉम विल्स इंग्लंडच्या रग्बी स्कूलमध्ये शिकला आणि तिथल्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला. मायदेशी परतल्यावर जुलै १८५८ मध्ये त्याने मेलबर्नच्या एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहिलं: हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, नियम ठरवा.

७ ऑगस्टला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांचा सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूला ४० खेळाडू, पंचांमध्ये विल्स. पुढच्या वर्षी, १७ मे १८५९ रोजी, त्याने आणि सहकाऱ्यांनी मेलबर्न फुटबॉल क्लबचे दहा नियम कागदावर उतरवले. आजच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं मूळ हेच.

१८६१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात १९ वसाहतवाले मारले गेले. त्यांत त्याचे वडील होते. तरीही १८६६ च्या बॉक्सिंग डेला मेलबर्न क्रिकेट मैदानावर आदिवासी खेळाडूंचा क्रिकेट संघ उतरला, तेव्हा कर्णधार विल्सच होता.

पुढे दारूने घात केला. २ मे १८८० रोजी, ४४ व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. मेलबर्नजवळच्या हायडेलबर्गमधल्या त्याच्या कबरीवर स्मृतिशिळा बसली ती थेट शंभर वर्षांनी, १९८० मध्ये.