बिघाड आधी मोजा, मग माल बदला
घडीच्या फिरत्या घराची वायरिंग आणि आपला कारागीर

अमेरिकेत मोटारीमागे घडीचे घर जोडून सहलीला जाण्याची पद्धत आहे. त्याला ‘पॉप-अप कॅम्पर’ म्हणतात. चाकांवरची ही एक बैठी पेटी असते. मुक्कामी पोहोचल्यावर हँडल फिरवून छत वर उचलायचे आणि कापडी भिंती ताणायच्या, की घर तयार. आत दिवे, पाण्याचा पंप आणि कधी छोटा फ्रीजही असतो.

याच्याशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. व्हॅनमध्ये बिछाना, दिवे, फ्रीज बसवून देणे किंवा खाण्याची गाडी तयार करणे, ही कामे मोटार-वायरिंगच्या कारागिराकडेच येणार. म्हणून या घराचे बिघाड कसे शोधतात ते समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

दोन विजा, एक घर

कॅम्परमध्ये दोन वेगळ्या लाइनी असतात. दिवे आणि पंप बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतात. प्लगपॉइंट बाहेरून जोडलेल्या विजेवर चालतात. ही वीज अमेरिकेत १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. या दोहोंमधला दुवा म्हणजे कन्व्हर्टर. तो बाहेरच्या विजेतून १२ व्होल्ट तयार करतो आणि बॅटरीही भरतो.

म्हणून पहिला सवाल हा, की बंद काय आहे? बाहेरची वीज जोडल्यावर दिवे लागतात आणि काढल्यावर विझतात, तर बॅटरी किंवा तिची वायर तपासा. प्लग चालू आणि दिवे फक्त बॅटरीवरच लागत असतील, तर कन्व्हर्टर पाहा. एकच दिवा बंद असेल, तर बॅटरीला हात लावायचे कारण नाही.

मीटर काय सांगतो

बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजावी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. कन्व्हर्टर चालू केल्यावर आकडा साडेतेराच्या आसपास चढला पाहिजे. चढला नाही तर चार्जिंग होत नाही.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. गंजलेल्या जोडातूनही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. दिवा किंवा पंप चालू ठेवून मोजले की खरे रूप कळते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून दिव्याच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर दोष अर्थच्या जोडात आहे. जोड घासून साफ करा, थिंबल नवे दाबा, बोल्ट आवळा. अनेकदा काम इथेच संपते.

घडीच्या घरात आणखी एक जागा तपासावी. छतातल्या दिव्यांची वायर छताबरोबर वर-खाली होते. ती चिमटते आणि आतल्या आत तुटते. छत वर असताना दिवा लागतो आणि थोडे हलवल्यावर विझतो, तर तीच वायर पाहा.

फ्रीज १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर खेचतो. ८० अँपिअर-अवरची बॅटरी चार तासांत निम्मी होते. बॅटरी टिकत नाही अशा तक्रारीत हा हिशेब आधी करावा.

जिवाशी गाठ

काळ्या वायरीबाबत सावध राहा. आपल्या जुन्या घरगुती वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकन कॅम्परच्या १२० व्होल्टमध्ये काळी वायर जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. बऱ्याच ट्रेलरमध्ये बॅटरीच्या बाजूलाही काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. मोटारीच्या सवयीने काळी निगेटिव्हला जोडली, की कन्व्हर्टरचे उलट जोडणीसाठीचे फ्यूज उडतात. रंगावर नव्हे, मीटरवर भरवसा ठेवा.

१५ अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून ३० चा घालू नये. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि वर कापडाच्या भिंतीत माणसे झोपलेली असतात. गळती ओळखणारा स्विच सारखा पडत असेल तर तो बायपास करू नये. तो पडतो म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे. कामाला हात घालण्यापूर्वी बाहेरचा प्लग काढा. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा.

मजुरी कशाची?

आमच्याकडे गिऱ्हाईक मालाचे पैसे खुशीने देते, शोधण्याचे देताना कुरकुरते. म्हणून कारागीरही माल बदलून मोकळा होतो. यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो, बिघाड तसाच राहतो आणि दुकानाचे नाव खराब होते. त्यापेक्षा तपासणीची मजुरी आधी ठरवावी. मोजलेले आकडे बिलावर लिहून द्यावेत. आकडा पाहिला की गिऱ्हाइकाला काम पटते. जो कारागीर दोन रुपयांच्या थिंबलने गाडी चालू करून देतो आणि बॅटरी खपवत नाही, त्याच्याकडे तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन येते.