पाच देशांचा प्रशिक्षक: बोरा मिलुतिनोविच

बोरा मिलुतिनोविच यांनी १९८६ ते २००२ या काळात लागोपाठ पाच फुटबॉल विश्वचषकांत पाच निरनिराळ्या देशांचे संघ उतरवले. त्यांत त्यांचा स्वतःचा देश एकदाही नव्हता.

जन्म १९४४ सालचा, सर्बियातल्या बायिना बाश्ता गावचा. थोरले भाऊ मिलोश युगोस्लाव्हियाकडून दोन विश्वचषक खेळले. बोरांची मात्र राष्ट्रीय संघात कधीच वर्णी लागली नाही. बेलग्रेडचा पार्टिझान, मग फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधले क्लब असे करत ते १९७२ मध्ये मेक्सिकोच्या पुमास क्लबात आले. तिथेच त्यांनी खेळणे थांबवले आणि तिथेच ते प्रशिक्षक झाले.

१९८६ मध्ये यजमान मेक्सिकोला त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत नेले. पश्चिम जर्मनीपुढे पेनल्टींवर घात झाला. पण खरी कमाल १९९० ची. पहिल्यांदाच विश्वचषकात आलेला कोस्टा रिकाचा संघ स्पर्धेच्या तोंडावर त्यांच्या हाती आला. जेमतेम तीन महिन्यांच्या तयारीवर या चिमुकल्या देशाने स्कॉटलंड आणि स्वीडन या दोघांनाही हरवले, ब्राझीलकडून फक्त एका गोलने हार पत्करली आणि बाद फेरी गाठली. त्या स्पर्धेत याहून मोठा धक्का, कॅमेरूनचा अपवाद वगळता, कोणी दिला नसेल.

१९९४ मध्ये यजमान अमेरिका. तिथे तेव्हा अव्वल व्यावसायिक लीगच नव्हती, म्हणून महासंघाने अनेक खेळाडूंशी थेट करार करून त्यांना कॅलिफोर्नियात एकत्र सरावाला ठेवले. या संघाने कोलंबियाला २-१ असे हरवले. १९५० नंतरचा अमेरिकेचा विश्वचषकातला तो पहिला विजय. पुढे ब्राझीलने त्यांना बाद केले, तेही एकाच गोलने. १९९८ मध्ये नायजेरियाने स्पेनला ३-२ असे नमवून गटात पहिले स्थान पटकावले, पण बाद फेरीत डेन्मार्कने चार गोल चढवले.

इथवरचा हिशेब जरा बारकाईने पाहायला हवा. मेक्सिको आणि अमेरिका यजमान म्हणून थेट आत होते. कोस्टा रिका आणि नायजेरिया यांना पात्र ठरवले होते आधीच्या प्रशिक्षकांनी. पात्रता फेरीतून बोरांनी स्वतः वर आणलेला संघ एकच, चीनचा. ७ ऑक्टोबर २००१ रोजी शेनयांगमध्ये ओमानवर १-० असा विजय मिळवून चीनने प्रथमच विश्वचषकात प्रवेश केला. जपान आणि दक्षिण कोरिया यजमान असल्याने आशियातली वाट थोडी मोकळी झाली होती हे खरे, तरी काम सोपे नव्हते. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र चीन तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. आणि पहिला पराभव केला तो कोस्टा रिकानेच!

माझ्या मते तरीही चीनला विश्वचषकात नेणे हीच बोरांची सर्वांत मोठी कामगिरी. २००२ नंतर २०२६ पर्यंतच्या एकाही विश्वचषकासाठी चीनचा पुरुष संघ पात्र ठरलेला नाही.