वाऱ्यावर चालतं सांडपाण्याचं केंद्र



घरोघरी नळ आले, डोक्यावरचा हंडा उतरला. पण घरात आलेलं पाणी वापरून झालं की बाहेरही जातं. मोरीचं, धुण्याभांड्यांचं पाणी रस्त्याकडेला साचतं, त्यात डास होतात, आणि तेच पाणी पुढे ओढ्याला मिळतं. म्हणून आता ग्रामसभांमध्ये सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्राचा विषय निघतो. केंद्र बांधायला एकदा निधी मिळू शकतो. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो: दर महिन्याचं वीजबिल कोण भरणार?

या केंद्राला एवढी वीज कशाला लागते, ते आधी पाहू. पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत चढवायला पंप लागतात. पण अनेक केंद्रांत सर्वात जास्त वीज खाते ती हवा. सांडपाण्यातली घाण खाऊन टाकणारे सूक्ष्म जिवाणू असतात. त्यांना जगायला प्राणवायू लागतो. म्हणून मोठ्या यंत्रांनी पाण्यात सतत हवा सोडावी लागते. हवा बराच वेळ बंद पडली तर हे जिवाणू मरायला लागतात, पाण्याला वास सुटतो आणि घाण तशीच पुढे जाते. शिवाय सांडपाणी काही थांबत नाही. रविवार असो की सण, ते येतच राहतं.

आता अमेरिकेतल्या एका ठिकाणाची गोष्ट. तिथे न्यू जर्सी राज्यात समुद्रकाठी अटलांटिक सिटी नावाचं शहर आहे. या शहराचं आणि आजूबाजूच्या गावांचं, मिळून १४ नगरपालिकांचं सांडपाणी एकाच केंद्रात येतं. दिवसाला सुमारे १५ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची या केंद्राची क्षमता आहे. त्याला सरासरी अडीच हजार किलोवॅट वीज लागते. म्हणजे शेतातल्या पाच हॉर्सपॉवरच्या साडेसहाशेहून जास्त मोटारी एकाच वेळी चालाव्यात, तेवढी!

केंद्राभोवती खाडीची मोकळी दलदल आहे. वाऱ्याला अडवायला डोंगर नाही की उंच इमारत नाही. म्हणून २००५ साली केंद्राच्याच जागेत पाच पवनचक्क्या उभ्या केल्या. एकेक चक्की पात्याच्या टोकापर्यंत सुमारे ३८० फूट उंच आहे आणि तिची ताकद दीड हजार किलोवॅट आहे. वारा चांगला असला की केंद्राची पूर्ण गरज भागते आणि उरलेली वीज मोठ्या लाईनवर जाते.

पण वारा काही आपल्या सांगण्यावर वाहत नाही. तो ताशी ११ किलोमीटरच्या खाली गेला की चक्क्या वीज देत नाहीत, आणि ७२ किलोमीटरच्या वर गेला की मोडतोड होऊ नये म्हणून त्या थांबवाव्या लागतात. अशा वेळी केंद्र लाईनच्या विजेवर चालतं. म्हणून तिथे लाईन तोडलेली नाही. वर्षभराचा हिशेब धरला तर निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आणि बाकीची लाईनची.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पैशांची आहे. चक्क्या उभारायचा खर्च केंद्राने केला नाही, तो एका खासगी कंपनीने केला. केंद्राने जागा दिली आणि ठरलेल्या दराने २० वर्षं वीज घेण्याचा करार केला. म्हणजे आपल्या गटाच्या कर्जासारखंच! हप्ता आधी ठरला की घराचं गणित बसतं. वारा फुकट असला तरी वीज फुकट नसते. पण तिचा दर कळलेला असला की पुढची तयारी करता येते.

मग आपल्या गावात पवनचक्की लावायची का? साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला फिरणारी मोठी पाती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. तिथे वारा आहे, म्हणून ती तिथे आहेत. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद एक अष्टमांशच उरते. म्हणून शेजारच्या गावात फिरते तशी आपल्याकडेही फिरेलच, असं नाही. आधी वारा मोजावा लागतो.

लहान गावाने तर आधी विजेशिवायचे उपाय पाहावेत. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा किंवा परसबाग, आणि उताराला जागा असेल तर पाणी संथपणे निवळणारी तळी. संडासाचं पाणी मात्र शोषखड्ड्यात किंवा परसबागेत कधीही सोडायचं नाही. शोषखड्डाही विहिरीपासून लांबच हवा.

तरीही यंत्राचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. महिन्याला किती युनिट वीज लागेल? ते बिल कोणत्या पैशातून भरणार? वीज गेली तर पाणी कुठे जाईल? आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार? उत्तरं तोंडी घेऊन गप्प बसू नका, ठरावात लिहून घ्या. हप्ता विचारल्याशिवाय आपण शेळीसाठीसुद्धा कर्ज उचलत नाही. मग अख्ख्या गावाच्या यंत्राचा हप्ता विचारायला कशाला लाजायचं?